खेकड्याची पाठवणी

मला संगीतातलं काही कळत नाही. मला खुर्च्या कळतात. शिक्रापुरात माझा मंडपाचा धंदा आहे आणि शिरूर-दौंडकडं निम्म्या पोरी माझ्याच मांडवातून सासरी गेल्या असतील. तेव्हा सिद्दीकमामांच्या वाजवण्यावर मी काही बोलावं अशी माझी लायकी नाही. पण ज्यांची लायकी होती ते त्या दिवशी खदाखदा हसले, म्हणून मीच सांगतो.

सिद्दीकमामा शिरूरचे. पिढीजात बँडवाले. केस पांढरेशुभ्र आणि मिशा काळ्याभोर, कारण क्लॅरनेट वाजवताना लोक मिशांकडंच बघतात, मग कलप वर कशाला वाया घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. बेसूर ऐकलं की या माणसाचं डोकं फिरायचं. एकदा रांजणगावच्या चौकात त्यांनी एका ट्रकवाल्याला खाली उतरवलं आणि तुझ्या हॉर्नचा दुसरा सूर पडतोय म्हणून झापलं. तो बिचारा बिहारचा. त्याला वाटलं आरटीओचा साहेब आहे. त्यानं सगळी कागदपत्रं काढून हातात दिली. मामांनी ती तशीच परत केली आणि म्हणाले, "कागद ठीक हैं, सूर ठीक करो."

आता वरातीला डीजे असतो. त्यावर मी तोंड उघडत नाही, कारण डीजेवाला माझा साडू आहे. पण वरातीला कितीही डीजे लावा, पाठवणीला आमच्याकडं सिद्दीकमामाच लागत. पाठवणीची त्यांची एक ठरलेली धून होती. तिला नाव नव्हतं. बायका तिला 'मामांची रडकी' म्हणायच्या.

ती सुरू व्हायची अगदी खालून, जमिनीतून काहीतरी उकरत वर यावं तशी. मग क्लॅरनेट तिला हात धरून वर न्यायचं. वर, आणखी वर, आणि आता उतरणार असं वाटलं की ती उतरायचीच नाही. थांबायची. सगळा बँड गप्प. नुसता एक खुळखुळा बारीक वाजत राहायचा. त्या थांबण्यात पोरीची आई पोरीचा हात सोडायची आणि सगळा मांडव हमसाहमशी रडायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी दौंडच्या एका लग्नात आई काही केल्या हात सोडेना, बँडची सगळी गाणी वाजवून संपली, तेव्हा मामांनी ही काढली आणि आईनं नेमका तिथं हात सोडला. तेव्हापासून रीतच पडली. आता आया आधीच विचारून ठेवायच्या, "ती थांबली की सोडायचा ना वं?" आणि वरपक्षाकडची, ज्यांना घरात सून येतेय म्हणून हसायला हवं, तीसुद्धा धाय मोकलून रडायची.

ही धून आली कुठून, ते मामांनी एकदा मला दौंडला, खुर्च्यांच्या थप्पीवर बसून सांगितलं. मामा विशीत असताना शिरूरला तंबूत एक हिंदी सिनेमा लागला होता, 'महाकेकडा'. धरणातून हत्तीएवढा खेकडा निघतो आणि गावं तुडवत सुटतो. खेकडा बांबूचा, वर ताडपत्री. एका प्रसंगात तर त्याच्या पोटाखाली बैलगाडीचं चाक सरळ दिसतं. लोकांनी पडद्यावर शेंगांची टरफलं फेकली, शिट्ट्या मारल्या. आठवडा भरायच्या आत तंबूवाल्यानं सिनेमाचा डबा परत पाठवला.

"आन् मी रोज जायाचो," मामा म्हणाले. "डोळं मिटून बसायचो. माऊली, काय वाजत व्हतं त्याच्या मागं! वायलिनच वायलिन! आन् त्यात त्या खेकड्याच्या पायांचा आवाज, खुळखुळ्यावानी. आख्ख्या पिच्चरला एक गाणं न्हाई, नुसतं ते संगीत."

"कुणाचं होतं?"

"कुणास ठावं. शेवटी नावं यायच्या आत आपरेटर लाइट लावायचा. लोक तरी कुठं थांबत व्हते?"

मी म्हणालो, "मामा, ज्यानं हे संगीत दिलं त्याला बहुतेक तो खेकडा दाखवलाच नसंल. दाखवला असता तर त्यानं येवढं मनापासून कशाला केलं असतं?"

मामा चिडले. मिशा थरथरल्या. "दाखवला आसंल की! त्याला खेकडा दिसला. आपल्याला ताडपत्री दिसली, त्यात त्याची काय चूक?"

घरी खुर्शिदमामी म्हणायच्या, "मेरी एकच सौतन हाय, और वो भी दस पाँव की." पण त्यांच्या लेकीच्या, सुमैयाच्या रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, हीच धून वाजली. त्या दिवशी मामांना क्लॅरनेटमध्ये फुंकच मारता येईना, म्हणून बाकीच्या बँडनं एकट्यानं निभावून नेली.

राहू गावचे सावळाराम आप्पा म्हणजे मोठे बागाईतदार, माजी सरपंच, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांच्या सुलक्षणाचं लग्न शिक्रापूरच्या, रांजणगावला कंपनीत असलेल्या मुलाशी ठरलं. सुपारीच्या दिवशी अंगणात भावकी जमली होती. मंडपाचं ठरवायला मी होतो आणि बँडचं ठरवायला सिद्दीकमामा. आप्पांची धाकटी ऋतिका ताईच्या लग्नाचं रील आत्तापासून बनवत होती. फोनला नुसतं ऐकवलं की गाणं ओळखणारं काहीतरी निघालं आहे. तिनं कुठल्याशा लग्नाच्या व्हिडिओतली मामांची रडकी फोनला ऐकवली. फोननं क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं. ऋतिकानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, "महाकेकडा. शेवटचा प्रसंग. राक्षसी खेकड्याचा मृत्यू."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग तिनं तो प्रसंगच लावला. सगळे फोनवर वाकले. धून तीच. आणि पडद्यावर ताडपत्री धापा टाकत नदीकडं सरकत होती. बैलगाडीचं चाक दिसलं आणि हशा उसळला. इतका, की शेवटापर्यंत कुणी बघितलंच नाही, फोन आपसूक बंद झाला. मग हसू ओसरलं आणि एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

आप्पा उठून मामांसमोर उभे राहिले. "म्हंजी आमच्या घरच्या समद्या पोरी खेकड्याच्या मयतावर वाटं लावल्या व्हय, मास्तर?"

झालं. जो तो आपापली लग्नं आठवायला लागला. कुणाचा जावई स्वभावानं तिरका निघाला होता, तो तिरका का, याचा उलगडा झाला. कुणाच्या पोरीला सासर मानवलं नव्हतं. एक जण लग्नाच्या कॅसेटवर दुसरं संगीत चढवून मिळेल का म्हणून मलाच विचारायला लागला, जसा मी संगीताच्याही खुर्च्या ठेवतो. सगळ्यात जास्त लागलं ते आप्पांच्या चुलत्यांना. ते गळ्यातली तुळशीची माळ हातात धरून म्हणाले, "मी माळकरी माणूस. उभ्या जन्मात खेकड्याला शिवलो न्हाई. आन् त्याच्यासाठी दर लग्नात रडलो?"

मामा मधोमध उभे होते. मला वाटलं आता मिशा थरथरणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, त्यो पिच्चर भंगार हाय, मला मान्य. पण ही धून आता जगात दोनच जागी हाय. त्या भंगारात, आन् आपल्या मांडवात. हितनं काढली तर ती फकस्त भंगारात ऱ्हाईल. एकडाव शेवटापत्तूर बघा, न हसता. मंग म्हणाल तसं."

"मास्तर, बँड तुमचाच येईल," आप्पा म्हणाले. "पण आमच्या सुलक्षणाच्या पाठवणीला खेकडा न्हाई. चांगलं एखादं गाणं वाजवा. शब्द द्या."

मामांनी शब्द दिला. ओसरीच्या दारात आप्पांची बायको सारजाबाई उभी होती. तिनं ऋतिकाच्या हातातला फोन घेतला आणि आत गेली.

लग्न लागलं, जेवणं उरकली. नवऱ्या मुलाचे मित्र कंपनीच्या बसनं आले होते आणि त्यांना दुसऱ्या पाळीला पोचायचं होतं. बसचा ड्रायव्हर रस्त्यावरून सारखा हॉर्न मारत होता. हॉर्न भयानक बेसूर होता. माझ्यासारख्याला कळलं म्हणजे बघा. मामा मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं की हा माणूस आतून खचलाय, आणि मला आप्पांचा फार राग आला.

पाठवणी सुरू झाली. सारजाबाईनं सुलक्षणाचा हात धरला. बँडनं सिनेमातलं एक चांगलं, ओळखीचं गाणं धरलं. गाणं सरळ होतं. सुरू झालं, चाललं, संपलं. पुन्हा सुरू झालं. ते कुठं थांबतच नव्हतं. सारजाबाई लेकीचा हात धरून उभी. सुलक्षणाचे डोळे कोरडे, सारजाबाईचेही कोरडे. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी मागून "रडा गं" म्हणालं. एका काकूनं स्वतःला चिमटा घेऊन पाहिला. आप्पांनी रीत म्हणून उपरणं डोळ्यांना लावलं, तर त्यांना सणसणीत शिंक आली. व्हिडिओवाला म्हणाला, "आप्पा, पुन्हा एकदा, फक्त शिंक नको." बसनं हॉर्न मारला. गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं.

"अगं, सोड की हात," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"कुठं सोडू?" सारजाबाई म्हणाली. "ह्यात सोडायची जागाच न्हाई."

आणि ती लेकीला ओढत सरळ बँडकडं चालत गेली. "सिद्दीकभाऊ, खेकडा वाजवा."

"अगं, येडी का काय?" आप्पा ओरडले. "लोक काय म्हणतील?"

सारजाबाई वळली. "म्या बघितलाय त्यो शेवटापत्तूर. त्यो खेकडा न्हाईच. ती मादी हाय. पोटाखाली पिल्लं घिऊन गावातनं वाट काढत ती पाण्याकडं निघालीया. तुम्ही समदे गडी ताडपत्री बघत बसला."

मामा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आप्पांकडं पाहिलं, कारण शब्द दिलेला होता. आप्पांनी मान खाली घातली आणि हातानंच खूण केली, वाजवा.

खालून, जमिनीतून काहीतरी उकरत वर यायला लागलं. सुरुवातीला दोन-तीन पोरं फिसफिसली. आता सगळ्यांनाच ठाऊक होतं ना कोण चाललंय ते. मलाही ते चाक दिसत होतं. क्लॅरनेटनं तिला हात धरून वर नेलं, आणखी वर, आणि चाक कुठं गेलं मला कळलं नाही. मग सगळं थांबलं. नुसता खुळखुळा, तिच्या पायांचा. सारजाबाईनं हात सोडला.

मी इतकी लग्नं पाहिली, पण तसं रडणं पाहिलं नाही. मी स्वतः खुर्चीची पाठ धरून रडलो. माळकरी चुलते माळ हातात धरून रडत होते आणि आता कुणासाठी ते त्यांना पक्कं माहीत होतं. बसमधली पोरं खिडक्यांतून रडत होती. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला होता.

गाडी फुलांसकट शिक्रापूरच्या रस्त्याला लागली, वळली, दिसेनाशी झाली. आप्पा उपरण्यानं तोंड पुसत मामांच्या जवळ आले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, पिल्लं पोचली का वो पाण्यात?"

मामांनी क्लॅरनेट तोंडापासून खाली घेतलं. त्या सिनेमात पुढं काय झालं, हे इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"पोचली, आप्पा," ते म्हणाले. "समदी पोचली."