निळी पेज

सलीम गेला, असा लातूरहून त्याच्या बायकोचा, शबानाभाभींचा फोन आला आणि माझा विश्वास बसला नाही. शोकात सगळेच असं म्हणतात. मी मात्र खरोखरच नांदेडहून आणखी दोघांना फोन लावून खात्री करून घेतली. माझा स्वभावच तसला, आणि सलीमला तो पुरता ठाऊक होता.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा आम्ही एकाच ठिकाणी शिकवायचो. तो रसायन, मी गणित. सोनाराकडे दागिने धुवायचं यंत्र असतं, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं पाणी हलवणारं. तसलं एक जुनं त्यानं मिळवलं होतं. ग्लासात पाणी, तांदळाची पेज आणि चिमूटभर आयोडाइड घालून तो ग्लास यंत्रात ठेवायचा, आणि पेज हळूहळू निळी व्हायची. त्याचं म्हणणं, त्या आवाजानं पाण्यात बारीक बुडबुडे होतात, ते मिटताना क्षणभर भयंकर तापतात, पाणीच मोडतं, त्यातून पेरॉक्साइड बनतं, ते आयोडीन मोकळं करतं आणि आयोडीननं पेज निळी होते. मला यात हातचलाखी दिसली. पोरं खेचायला तेव्हा कोण काय करील याचा नेम नव्हता.

मग मी आयोडाइड स्वतः विकत आणलं. पाणी घरचं, पेज बायकोनं केलेली, ग्लासही माझेच. एक यंत्रात, एक बाहेर. यंत्रातला निळा झाला, बाहेरचा तसाच राहिला. तरी मी म्हणालो, "यंत्राला आधीच काही लावलेलं असेल." तो चिडला नाही, याचा तर मला जास्तच संशय आला. चिडत का नाहीस, असं मी विचारलंही.

तो म्हणाला, "आमचे अब्बा तिकडं निलंग्याकडं गावात होते. भूकंपाच्या आधी सारखं म्हनायचे, जमिनीखालून आवाज येऊन राहिला. मी लई हसलो. कान वाजत असतील म्हनलो. घर अंगावर पडलं त्यांच्या, यार. तू निदान तपासून तरी बघतो. मी तेवढंबी केलं न्हाई."

त्यानंतर मी शंका सोडल्या असं लिहिलं, तर ते खोटं होईल. दर भेटीत मी नवी शंका काढायचो आणि तो हसत ग्लास भरायला घ्यायचा. "तू एकदा मान, मग बास," म्हणायचा. मी मानलं नाही... मानलं असतं तर ते ग्लास भरणं थांबलं असतं.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला गेलो तेव्हा भाभींनी यंत्र माझ्या हातात दिलं. "तुमच्यासाठीच ठेव म्हनले होते," एवढंच बोलल्या.

घरी येऊन पेज केली, आयोडाइड घालून ग्लास यंत्रात ठेवला. ती निळी झाली. पाणी माझं, पेज माझी, बटण दाबणारा हातही माझा. तरी सवयीनं मी म्हणालो, "आधीच काही लावलेलं असेल," आणि उत्तराची वाट पाहत बसून राहिलो.