चंदरचा एका दिवसाचा मुक्काम

आमचं लष्कराचं वर्कशॉप ईशान्येकडे, डोंगरात होतं. मी हवालदार, ट्रेड रेफ्रिजरेशन मेकॅनिक. लंगरचे, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराचे डीप फ्रीझर, फील्ड हॉस्पिटलचे औषधांचे फ्रीज, रक्ताच्या बाटल्यांची कपाटं चालू ठेवणं हे माझं काम. सहाला पीटी, आठला कामाची अवजारं मोजून ताब्यात घ्यायची. सुट्टीवर गावी, कर्जतजवळ पळसदरीला आलो की लोक हसायचे, "म्हंजे मिलिटरीत फ्रीजवाला!" मी हो म्हणायचो. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

लान्स नाईक चंदर दरवडा आमच्याच वर्कशॉपात रिकव्हरी गाडीवर होता. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथला. वय सव्वीस. दर रविवारी आईला फोन लावायचा आणि बहुतेक वेळ नुसता ऐकत बसायचा.

जुलैमध्ये वरच्या रस्त्यावर रेशनची गाडी चिखलात कलंडली. चंदर ती ओढून काढायला गेला. आत अडकलेल्या दोन जवानांना त्याने बाहेर काढलं. हुक सोडवायला वळला तेव्हा दरड आली.

सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. "तू त्याच्या भागातला. एस्कॉर्ट ड्यूटी तुझी. पार्थिव घरच्यांच्या हातात द्यायचं. घरी."

"जी सर."

खराब हवेमुळे विमानाला दोन दिवस उशीर झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून अँब्युलन्स निघाली. माझ्यासोबत एक शिपाई होता. ०९४० ला चौक गाव सोडलं तेव्हा वाडीवरून फोन आला. वाडीखालच्या ओढ्यावरची मोरी रात्री वाहून गेली होती. पाणी उतरायला एक दिवस तरी लागणार होता.

कर्जतच्या अलीकडे एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. आम्ही तिथे थांबलो. डॉक्टरांनी पेटी उघडून पाहिली. म्हणाले, "आजचा दिवस थंडीत ठेवलंत तरच चेहरा दाखवता येईल. आमच्याकडे शव थंड ठेवायची विजेची पेटी आहे, पण सहा महिने बंद आहे."

अंत्यविधीची व्यवस्था बघणारे एक साहेब तिथेच होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मग इथेच उरकू. तीनची वेळ दिली आहे. पाहुणे निघालेत."

"आणि त्याची आई?"

"तिला व्हिडिओ कॉल लावू."

मी चंदरच्या आईला, भीमाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून ओढ्याचा आवाज येत होता.

"दादा, तिथं नाय जाळायचा त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला घरी आण. पानी उतरंपर्यंत आमी हितंच बसतो."

मी सुभेदार साहेबांना फोन केला. "सर, रस्ता बंद आहे. दवाखान्यात शव थंड ठेवायची पेटी आहे, पण बिघडलेली."

"तुझा ट्रेड काय?"

"रेफ्रिजरेशन मेकॅनिक, सर."

"मग मला काय विचारतोस?" फोन बंद.

मी व्यवस्थेच्या साहेबांना सांगितलं, "तीन वाजता काही होणार नाही."

"मशीन जळलं तर जबाबदारी कोणाची?"

मी कागद मागितला. नंबर, रँक, नाव लिहिलं आणि सही केली.

११५० ला काम सुरू केलं. वीज तोडून मागची जाळी उघडली. कंडेन्सर धुळीने बुजला होता आणि त्यावर वारा मारणाऱ्या पंख्याची मोटर जाम झाली होती. वारा नाही म्हणून काॅम्प्रेसर तापायचा आणि दोन मिनिटांत बंद पडायचा. काॅम्प्रेसर मात्र शाबूत होता, गॅसही होता. सहा महिने ती पेटी एका मोटरीसाठी पडून होती. मला राग आला. तो मी ब्रशवर काढला.

मोटर मिळेना. पार्ट्सचं दुकान बंद होतं. कर्जत स्टेशनजवळ शैलाताईंचं आइस्क्रीमचं दुकान आहे. त्यांच्या डीप फ्रीझरची सर्व्हिसिंग मी एकदा सुट्टीत केली होती, त्यातली पंख्याची मोटर इथे चालणार हे मला माहीत होतं. शिपायाला चंदरजवळ उभं करून मी गेलो.

"ताई, तुमच्या फ्रीझरची मोटर काढून हवी आहे. आतलं सगळं वितळेल."

"कोणासाठी?"

मी सांगितलं. त्यांनी स्वतःच प्लग काढला. "वितळू दे रं. काढ लवकर."

मोटर बसली, पण स्क्रूची भोकं जुळेनात. पट्टीला नवी भोकं पाडली. वायर जोडल्या. १४१० ला बटण दाबलं. पंखा फिरला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. काॅम्प्रेसर चालू राहिला. तापमानाचा काटा एकोणतीसवरून खाली सरकू लागला. १६०० ला चार अंश. शिपायाने आणि मी चंदरला आत ठेवलं.

व्यवस्थेचे साहेब तोपर्यंत गेले होते. जाताना म्हणाले, "तुम्ही फार अडून बसलात." मी म्हटलं, "जी सर."

रात्रभर आम्ही आळीपाळीने काट्याची नोंद ठेवली. तो पाचच्या वर गेला नाही.

सकाळी ओढा कमरेपर्यंत उतरला. चंदरला पुन्हा त्याच्या पेटीत ठेवून आम्ही अँब्युलन्सने ओढ्यापर्यंत गेलो. वाडीची माणसं या तीराला आली. तिरंगा भिजू नये म्हणून त्यांनी पेटी डोक्यावर धरली आणि चालत पलीकडे नेली. अंगणात झाकण उघडलं. भीमाबाईंनी चंदरच्या कपाळावर हात ठेवला.

"गार पडलाय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ हात तसाच. "पन हाय तसाच हाय माजा."

मी सॅल्यूट केला. ड्यूटी संपली.

आता मी निवृत्त आहे. कर्जत-खालापुरात हॉटेलांचे फ्रीझर दुरुस्त करतो. मध्यंतरी एका शाळेने मुलांशी बोलायला बोलावलं होतं. मी चंदरचं नाव घेतलं तसे पुढे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "पण तो काही लढताना गेला नाही ना? गोळी वगैरे?"

मी त्यांना उभं राहायला सांगितलं. "लान्स नाईक चंदर दरवडा ड्यूटीवर गेला. दोन माणसं जिवंत बाहेर काढून गेला. हे कमी वाटत असेल तर दार तिकडे आहे."

ते गेले नाहीत. उभेच राहिले. मग सगळी शाळा उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्याच्या नावापासून.