कागदाखाली झाकलेला थांबा

नागसेन गवई माणूस लाखातला, पण खोड एकच: काम पुरं होईस्तोवर कुणाला दाखवायचं नाही. धाडचा हा पोरगा बुलढाण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चाळिशीला आला, तरी पाठीमागे कुणी उभं राहिलं की पटकन स्क्रीन बंद करी. "कच्ची भाकर कोणी ताटात वाढते का बे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मग कंपनीने सगळ्यांना 'अजाईल' शिकवायचं काढलं. म्हणजे काय, तर काम थोडं थोडं करायचं, दर टप्प्याला गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि ते म्हणेल तसं बदलत जायचं. शिकवायला आलेल्या अश्विनी मॅडमनी भाषण ठोकलंच नाही. पुठ्ठे, कात्र्या, डिंक टेबलावर ओतलं आणि म्हणाल्या, गट पाडा आणि गावासाठी बसथांबा बनवा. फेऱ्या तीन, दर फेरीला गिऱ्हाइकाला दाखवायची मुभा. गिऱ्हाईक झाली होती ऑफिसातलीच मंजुश्री.

गोकुळच्या गटाने पहिल्याच फेरीत चार काड्यांवर वाकडं छप्पर टेकवलं आणि नेलं तिच्यापुढे. नागसेनने मात्र आपल्या थांब्यावर वर्तमानपत्र घातलं. त्याच्या गटातली सुचिता दोनदा म्हणाली, "भाऊ, एकदा तिले इचारून तर पाहू." पण ऐकतो कोण! "थांब वं, शेवटी पाहून थक्क होईल ती."

शेवटी कागद उचलला. अहाहा, काय तो थाट! कमान काय, घड्याळ काय, वर झेंडा! मंजुश्रीने चहूबाजूंनी पाहिलं. "नागसेनभाऊ, मी मेथी घेऊन बाजाराले निघालेली बाई हाय. बसू कुठी? टोपलं ठेवू कुठी?"

बसायला जागाच नव्हती! गोकुळच्या वाकड्या थांब्याला मात्र लांबलचक बाक होता, तिनेच सांगून करवून घेतलेला. हॉल हसून हसून दणाणला. नागसेनही हसला.

"मधे का नाही दाखवलंत?" मॅडमनी विचारलं.

"सरप्राइज द्यायचं होतं मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

हेच तो मायला, जनकाबाईला, म्हणाला होता. वडील गेल्यावर धाडचं जुनं घर पाडून नवं बांधताना त्याने तिला मेहकरला बहिणीकडे नेऊन ठेवलं. पुरं झालं की पाहजो माय, सरप्राइज हाय! चकचकीत फरशी, ग्यासचा ओटा, सगळं झाल्यावरच तिला आणलं. बुद्धवंदना झाली, खीर झाली, माय "चांगलं हाय" म्हणाली. आणि हा शहाणा तेवढ्यावर आजवर खूश!

संध्याकाळी त्याने जीपने धाड गाठलं. माय ओट्यापाशी चहा करून राह्यली होती.

"माय, या घरात तुले काय पाहिजे होतं?"

"काऊन बापू? चांगलं हाय की."

"खरं सांग."

तिने ग्यास बारीक केला. मग ओट्यामागच्या भिंतीकडे हात केला. "इथी आपलं मागचं दार होतं. तानाबाई तिकूनच यायची. दोघी भाजी निवडत बसो. तू भिंत घातली. सडकेनं फिरून याले तिच्यात दम कुठी होता? मलेई रोज तिकडं जाणं होयेना."

शेजारची तानाबाई मागच्या पोळ्याआधीच वारली होती. तिची शेवटी शेवटी भेटच झाली नाही, असं माय तेव्हा फोनवर रडली होती, आणि का झाली नाही हे याने विचारलंही नव्हतं. नागसेनला स्वतःचीच लाज वाटली.

"तवाच काऊन नाही सांगतलं?"

"जोतं होतं तवा दाखवलं असतं, तर सांगतलं असतं. तयार घरात काय खोड काढू? तू इतका खूश होता."

"उद्याच गवंडी आणतो माय. भिंत फोडून दार काढतो."

"राहू दे बापू," माय चहा गाळत म्हणाली, "आता तिकून येते कोण?"