म्हणे मांजरांचे केस

मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मांजरांवर लिहिणाऱ्या माणसांना शेवटी त्यांचा लळा लागलेला असतो. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

मांजरं आणली मुलीने. तिच्या बाबांना जाऊन काही महिने झाले होते. ती मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला, मी इथे नेपरव्हिलच्या घरात एकटी. एका वीकेंडला आली, मला गाडीत बसवलं आणि थेट बेवारस मांजरांच्या शेल्टरमध्ये नेलं. तिथे दोघी बहिणी होत्या, आणि वेगळ्या करून देणार नाही म्हणाले. एक पांढरीशुभ्र, एक काळीकुळकुळीत. म्हणजे कुठल्याही रंगाचे कपडे घाला, दोघींपैकी एकीचा केस उठून दिसणारच. "आई, यू नीड समबडी इन द हाउस," असं म्हणून मुलगी आपल्या नोकरीवर निघून गेली, आणि ते समबडी माझ्या सोफ्यावर चढून बसलं.

केसांचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, उन्हाळ्यात गळतील आणि मग थांबतील. पण घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांना ऋतूच कळत नाहीत. हिवाळाभर हीटिंग, संध्याकाळी दिवे, त्यामुळे केसगळती बारा महिने. उशीवर केस, चहाच्या कपाच्या कडेला केस, निरांजनातल्या तुपात केस. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म घालवलेली बाई मी, आणि माझ्याच घरात असलं! त्या दोघींना मी जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही.

तरी तेही सोसलं असतं, पण त्या केसांपायी आमचा मित्रमैत्रिणींचा ग्रुप तुटायला लागला. आम्ही सगळे ऐन तरुणपणी इथे आलेले, बहुतेक डॉक्टर नाहीतर इंजिनियर, आता रिटायर्ड. महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलक, प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. भारतातून वाईट फोन आला की आम्ही रडलो ते एकमेकांच्याच स्वयंपाकघरात. मला इथे माहेर होतं ते एवढंच. नवरा गेला तेव्हा सुरुवातीला डबे आले, फोन आले. मग माझ्या घरची पाळी आली आणि परस्पर पुढे ढकलली गेली. पुन्हा आली, पुन्हा ढकलली गेली. पुढेपुढे तर दुसऱ्यांकडे पॉटलक झाल्याचं मला फोटो बघून कळायला लागलं.

मी विचारलं तेव्हा उत्तरं तयार होती. एक म्हणाली, "ह्यांना कॅट्सची ॲलर्जी आहे ना गं." दुसरी म्हणाली, "मागे तुझ्याकडे चहाला आले यार, घरी जाऊन ब्लॅक पँट दोनदा वॉश केली." आणि तिसरी, माझी सगळ्यात जवळची, जिच्या दोन्ही बाळंतपणांत तिचं घर मी सांभाळलं, ती म्हणाली, "तुझ्या कपड्यांवरून आमच्याकडेही येतात केस. लोक बोलतात, म्हणून सांगितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि राग निघाला तो मांजरांवर. मुलीला फोन करून सांगितलं, दोघींना परत देऊन येते. तिने आवाज चढवला, "आई, फिक्स द हेअर! ट्राय तरी कर." म्हटलं ठीक आहे, करते. घर लख्ख करते आणि सगळ्यांना बोलावते. एवढं करूनही कोणी केसांचं नाव काढलं, तर मांजरं गेली.

मग मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. रोज सकाळी दोघींना बाथटबमध्ये उभं करून रबरी ब्रशने विंचरायचं. काळीने माझं मनगट फाडलं, मीही तिला सोडली नाही. व्हेटने सांगितलं तसं खाणं बदललं. हीटिंगचा फिल्टर वेळेआधीच बदलायला लागले. सोफ्याला कव्हरं घातली, गालिचावरून ओला रबरी हातमोजा फिरवून गोळे काढले, आणि एवढं करून व्हॅक्युम होताच. शेवटी माझी काळी रेशमी साडी नेसले, घरातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून उठले आणि खिडकीपाशी जाऊन पदर, निऱ्या, सगळं उजेडात तपासलं. एकही केस सापडला नाही. खरं सांगते, नवरा गेल्यापासून इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

ग्रुपवर मेसेज टाकला. "शनिवारी माझ्याकडे. मांजरं वरच्या खोलीत बंद असतील. केस दाखवा आणि बक्षीस मिळवा." डेव्हनच्या देशी बाजारात जाऊन सामान आणलं, श्रीखंडासाठी चक्का टांगला. शुक्रवार उजाडला तरी एकीचंही उत्तर नाही. शेवटी जवळच्या मैत्रिणीला मीच फोन लावला.

"या शनिवारी सगळेच बिझी आहेत गं," ती म्हणाली.

"मग पुढच्या शनिवारी करू. चक्का टिकेल."

मग ती म्हणाली, "तू केस केस काय घेऊन बसलीस? केसांचं काही नाही गं. सगळी कपल्स असतात. तू एकटी बसलेली दिसलीस की पुरुषांना मोकळेपणी हसता येत नाही. आणि आम्हाला तर तुझ्याकडे बघून भीतीच वाटते. असं वाटतं, उद्या आपलंही... जाऊ दे. तू समजून घेशील, म्हणून बोलले."

मी अजिबात समजून घेतलं नाही. म्हटलं, "मग तोंडावर सांगायचंस! मुक्या जनावरांच्या नावावर खपवलंत. तुमच्यासाठी मी त्यांना शेल्टरमध्ये टाकून येणार होते."

"बघ ना, द्यायच्या असतील तर दे," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. "तुझ्या मागचं काम तरी कमी होईल."

मी फोन ठेवून दिला. इतके महिने मी घर घासत होते, आणि त्यांना नकोशी झाले होते मी.