समोरच्या गॅलरीतला मोगरा

गिरगावातल्या आमच्या वाडीत आमची खोली चाळीच्या मागच्या बाजूला होती. मागे दुसरी चाळ इतकी जवळ, की त्यांच्या फोडणीने आम्ही शिंकायचो. गॅलरीत ऊन कधी आलंच नाही. दुपारी समोरच्या भिंतीवर थोडा उजेड पडे, त्यालाच आम्ही ऊन म्हणत असू. अशा जागी माझ्या आईला मोगरा लावायचा होता.

तिने डालडाच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, माती, चहाचा चोथा आणि वाळलेलं शेण कालवून ते भरले. दोन डब्यांत मोगरा, एकात शेवंती. खाली ताटल्या ठेवल्या, कारण खालच्या मजल्यावरच्या वाळत्या धोतरावर गढूळ पाणी ठिबकलं की भांडण ठरलेलं. झाडं वाढली, पण लांबट आणि लुळी. कळी धरेना.

आमच्याच मजल्यावर, समोरच्या म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला, एक गुजराती कुटुंब राहत होतं. नवरा कापडाच्या पेढीवर मुनीम. त्याच्या बायकोला सगळी चाळ बेन म्हणे, मी मासी म्हणायची. मासीचं दुखणं नेमकं उलटं होतं. तिच्या गॅलरीत सकाळपासून ऊन तळपायचं आणि तिने हौसेने लावलेले नेचे टोकांपासून करपत जायचे. एकदा नळावर दोघींनी एकमेकींना आपापलं गाऱ्हाणं सांगितलं आणि घागरी भरेपर्यंत सौदा ठरला. नेचे आणि रंगीत अळू आमच्याकडे, मोगरा आणि शेवंती तिच्याकडे.

मग हे वर्षानुवर्षं चाललं. आई सकाळी आपला मोगरा बघायला तिच्या गॅलरीत जायची, मासी दुपारी आपले नेचे बघायला आमच्याकडे यायची. झाडं बघायला मिनिटं लागायची, गप्पांना तास. पहिल्या थंडीत रंगीत अळवाची पानं माना टाकून पडली तेव्हा मासीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने मातीत बोट खुपसून आतला कांदा तिला दाखवला आणि सांगितलं, झोपलाय तो, पाणी घालून उठवू नका. मोगरा फुलला की मासी वाटीभर कळ्या घेऊन येई. आई त्यातल्या अर्ध्या तिच्या पदरात परत टाकी. त्या संध्याकाळी दोन्ही घरांत एकच वास असे.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. कच्ची छपाई घरी आणत आणि मी अक्षरं त्यावरच गिरवली. त्याच छापखान्यातून संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं निघू लागली तेव्हा मी वयात आले होते. गॅलरीत उभी राहून मी ती मोठ्याने वाचायची. बायका तांदूळ निवडत ऐकायच्या, मासीसुद्धा. एकदा तिने विचारलं की मुंबई तुमची झाली, तर आम्ही कुठे जायचं. मी पत्रकातलंच उत्तर दिलं, लढा भांडवलाशी आहे, भाषेशी नाही. ती आईकडे बघून म्हणाली, "हिला मिनिस्टर कर गं तू. मग आमची खोली हिच्याकडूनच मागून घेऊ." सगळ्या हसल्या.

मग ती थंडी आली. संचारबंदी, गोळीबार. आमच्या ओळखीच्या गल्ल्यांतली माणसं रस्त्यात पडली. तो राग मला आजही आहे आणि तो खरा होता, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण सचिवालयापर्यंत पोचू न शकलेला राग वाडीतच घुटमळायला लागला. मासीच्या नवऱ्याची टोपी बघून कुणी जिन्यात खाकरायचं. तिच्या दारावर कोळशाने काहीबाही लिहिलेलं असायचं, ती ओल्या फडक्याने पुसायची.

एका संध्याकाळी वाडीतली तीन-चार पोरं आमच्या दारात आली. त्यांच्या हातात आमचे डबे होते. मासी आत देवापाशी बसली असताना तिच्या गॅलरीतून त्यांनी ते उचलून आणले होते. पुढचा म्हणाला, "काकू, ठेवून घ्या. उद्या काही झालं तर आपल्या माणसाचं नुकसान नको."

आईने विचारलं, उद्या काय होणार आहे. त्याने डबे उंबऱ्याच्या आत सरकवले. मी पुढे झाले आणि लढा कुणाशी आहे ते पुन्हा ऐकवलं. त्याने मला चिडवलं नाही, उलट तो समजूत घातल्यासारखं बोलला. "ते पत्रकात बरोबर आहे गं."

पोरं गेली तशी आईने एक डबा कमरेवर घेतला आणि चपला सरकवल्या. वडिलांनी तिला अडवलं. पोरं जिन्यातच बसली आहेत, आत्ता नको, उद्या शांतपणे नेऊन दे. मी त्यांच्याशी भांडले. ही पत्रकं ज्यांनी हाताने जुळवली तेच असं बोलतात, हे मला सहन होईना. आईने मात्र डबा खाली ठेवला.

सकाळी ती दोनदा गॅलरीच्या वळणापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. पोरं अजून तिथेच जिन्यात बसली होती. घासलेली भांडी तिने पुन्हा घासायला काढली. दुपारी रस्त्यावरून दगड आले. मासीच्या खिडकीच्या काचा फुटल्या, कुणाला लागलं नाही. तेव्हा आई धावली, मी तिच्या मागे. दार बंद होतं. कठड्यापाशी आमच्या डब्यांच्या गंजाची तीन वर्तुळं तेवढी दिसत होती. आई दार ठोठावत "बेन, बेन" करत राहिली. आतून काचा झाडल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आठवड्याभरात त्यांनी खोली सोडली. मुनीमजींनी वडिलांना नमस्कार केला. मासी डोक्यावर पदर घेऊन पायऱ्या बघत उतरली. नेचे तिने मागितले नाहीत.

आईला मासीच्या मनातलं लख्ख कळलं होतं. दगड येणार हे हिला आधी ठाऊक होतं, म्हणून हिने आपली झाडं तेवढी काढून घेतली. दुसरं काय वाटणार तिला? आई हे चाळीत कुणालाही सांगत सुटे, मी नाही हो उचलले, पोरांनी आणले. लोक म्हणत, सोडा आता काकू. तिला ते लोकांना सांगायचंच नव्हतं, एकाच बाईला सांगायचं होतं.

राज्य झालं. वाडीत दिवे लागले, वडिलांनी पेढे आणले, मी रस्त्यात नाचले. त्यानंतर काही दिवसांनी आईने मला मासीचा पत्ता काढायला लावला. ती घाटकोपरला राहत होती. आईने नेच्याचा एक गड्डा मुळांसकट ओल्या फडक्यात बांधला आणि आम्ही गेलो.

मासीने दार उघडलं, आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, माझ्या लग्नाचं विचारलं. तिच्या नव्या गॅलरीत मोठं छप्पर होतं, सावली होती, आणि नेचे आधीच लावलेले होते. आईने चहाला हातही न लावता सांगितलं, "बेन, ते डबे मी काढले नव्हते. पोरांनी आणले."

"मला माहीत आहे," मासी म्हणाली. "तेव्हाच मुनीमजींना कुणीतरी सांगितलं होतं."

आईच्या चेहऱ्यावर किती वर्षांचं ओझं हललं ते मी पाहिलं. पण मासीचं बोलणं संपलं नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"संध्याकाळी आणले ना त्यांनी? दगड तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. सकाळपासून मी दार उघडं ठेवून बसली होती. म्हटलं, डबे घेऊन तू येशील."

आईने तोंड उघडलं. जिन्यातल्या पोरांचं, वडिलांचं, दोनदा वळणापर्यंत गेल्याचं ती सांगेल असं मला वाटलं. तिने चहाचा कप उचलला. मीच बोलायला लागले, तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

मासीने गड्डा घेतला, छान आहे म्हणाली, पोचवायला दारापर्यंत आली. पुन्हा या, असं तिने म्हटलं नाही. आईनेही तिला आमच्याकडे बोलावलं नाही. दोन जिने उतरल्यावर आई भिंतीला धरून थांबली. मी चिडून म्हणाले, तू खरं का नाही सांगितलंस?

"सांगितलं की तिने," आई म्हणाली आणि खालच्या पायरीवर बसली.