कोचीतली बंद खिडकी

मिरजगावच्या घरी लेक मोबाईलवर कोचीची हॉटेलं दाखवत होती. एका फोटोत तळलेला मासा दिसला आणि खोबरेल तेलाचा तो वास थेट नाकात आला.

नव्या लग्नात सासू-सासऱ्यांबरोबर रामेश्वर करून येताना आम्ही कोचीला उतरलो होतो. सासरे माळकरी. समुद्राकाठची सगळी हॉटेलं सोडून त्यांनी मागच्या बोळातला शाकाहारी लॉज धरला. चौघांना एकच खोली. तरी खालच्या बोळातून मासे तळल्याचा वास आलाच. माहेरी सुकटीवर वाढलेली मी, खिडकीशीच उभी राहिले.

"खिडकी लाव, पोरी. वास येतोय."

"मामा, लई उकडतंय."

"लाव म्हनलं ना."

लावली. घामानं भिजत घरून आणलेली वाळकी भाकरी चावत बसले. मी पाहिलेली कोची तेवढीच.

"आई, स्विमिंग पूल हाय, नाश्ता हाय. करू बुक?"

"खिडकी उघडती का, ते इचार आधी."