मोबाइलनं काष्ट्याचं लाकूड केलं

ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षी दर्यापुरात मोठ्यानं हसायचीही चोरी वाटायची. अशात आमच्या नातीची शाळेतून धावण्यासाठी निवड झाली. अकोल्याला जायचं होतं. पण सरांनी दिलेली अर्धी चड्डी पाहून आमचे हे म्हणाले, "गुडघे दाखवत पयायचं असन तं घरीच राहा." झालं. पोरीनं जेवण नाही सोडलं, नात माझीच आहे ती; आबाजीशी बोलणं मात्र सोडलं.

दुपारी शेजारच्या भाभी आल्या. त्यांच्या घरी गाद्या भरायचं काम. नात आम्हां दोघींना मोबाइलवर जगातल्या बायांची शर्यत दाखवत होती. एक डोक्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली, तिच्या बाजूची बोटभर कपड्यात. दोघी वाऱ्यासारख्या पळत होत्या, अन् खाली देशोदेशीचे लोक लिहून लिहून भांडत होते. कोणी म्हणे हिनं इतकं काहून घातलं, कोणी म्हणे तिनं इतकंच काहून. नात वाचून सांगायची.

भाभी म्हणाल्या, "एकीचा कपडा जादा, एकीचा कम. आधा आधा वाटून द्या म्हना, झगडा खतम."

मलाही राहवलं नाही. मी मोबाइल घेतला अन् एकेक अक्षर शोधून त्या बायांसाठी लिहिलं: 'काष्टा मार अन् पळ बाई. लोकांकडे पाहू नको.' म्हटलं, नऊवारीचा काष्टा मारला की आमच्या बाया एका उडीत नाला टपून जात, चड्डी काय चीज आहे.

घटकाभरानं नात ओरडतच आली. "आजी, मोबाइलनं तुह्या काष्ट्याचं लाकूड केलं वो!" त्यानं काष्ट्याला काष्ठ समजून माझं म्हणणं इंग्रजीत केलं होतं: लाकडावर मार अन् पळ. अन् त्या लोकांत म्हणे, नजर लागू नये म्हणून लाकडावर टकटक करतात. त्यांना वाटलं, ही म्हातारी दोघींची नजर काढून राहिली. एकानं लिहिलं, आजी, मीही टेबल वाजवला. दुसरीनं दाराचा फोटो टाकला. भांडणारे भांडण विसरून लाकडं बडवायला लागले.

भाभी हसता हसता भिंतीला टेकल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी. आमचे हे बाहेरून आले, "काय झालं वो?" नातीनं बोलणं सोडलंय हे विसरून सगळं सांगितलं. यांनी ओठ दाबून धरले, पण पोट हलत होतं.

मग एकदम म्हणाले, "माही माय काष्टा मारून माह्यामांगं घरून शाळेलोक पये. अर्ध्या गावानं गुडघे पाहिले असतीन तिचे."

"मग कोणी काय म्हणे?" मी विचारलं.

"म्हणन कोण? हातात चपल राहे तिच्या."

जरा वेळानं नातीला म्हणाले, "जाय. पण मी संगं येतो."

अकोल्याच्या मैदानावर आम्ही दोघं दोरीला खेटून उभे. पोरी सुटल्या, अन् शेजारचा एक जण पुटपुटला, "काय कपडे घालतात पोरी आजकाल."

हे वळले. "राजेहो, पोरगी पयून राहिली तिकडं. तुमी काय लुगडे विकाले आले का अठी?"

तो काही बोलला, हे दुप्पट बोलले. पोरगी दुसरी आली. यांना पत्ताच नाही. बक्षीस घेऊन ती पुढ्यात उभी राहिली, तरी हे त्या माणसाशी भांडतच होते.